पाटीवर ओट्याचं नाव नव्हतं

आमच्या संस्थेने पंचाहत्तरीची स्मरणिका छापली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, त्यात अध्यक्षांचे तीन. पान बेचाळीसवर अगदी तळाशी दीड ओळ आहे: ‘श्रीमती जुबेदा शेख, बालसेविका, गंज पेठ वर्ग, १९६६ ते १९९७. सेवा समाधानकारक.’

समाधानकारक! आमटीतलं मीठ समाधानकारक असतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि संपादक मंडळातल्या मुलीला फोन लावला. चांगली झाडायची तयारी केली होती. ती गोड आवाजात म्हणाली, “आजी, आम्ही जुन्या दप्तरातून घेतलं ते. शेऱ्याखाली सही तुमचीच आहे.” मी फोन ठेवून दिला.

तर हे माझंच निस्तरणं आहे. वय त्र्याऐंशी, हात थोडा कापतो, पण आठवण शाबूत आहे. कोणाला ती शाबूत असल्याचा त्रास होत असेल तर त्याने पुढे वाचू नये.

मी पद्मजा दामले, सदाशिव पेठ. संस्थेच्या अकरा बालवाड्यांची मी पर्यवेक्षिका होते. म्हणजे अकरा ठिकाणी अवचित जाऊन चुका काढायच्या आणि रजिस्टरात लिहायच्या. हे काम मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या काळी पालक म्हणजे आमच्या लेखी मूल दारापर्यंत आणून सोडणारी माणसं. आया दारात घुटमळायच्या, खिडकीतून डोकावायच्या, मूल रडलं की अर्ध्या वाटेतून परत यायच्या. मला त्याचा भारी वैताग. म्हणून अकराही वर्गांसाठी मी पत्र्याच्या पाट्या करून घेतल्या. मजकूर माझा, आणि अक्षरही माझंच. मी पेन्सिलीने आखून दिलं, रंगाऱ्याने फक्त रंग भरला. पाटी अशी होती:

‘पालकांनी आत येऊ नये. मुलास दारात सोडून त्वरित निघावे. मूल रडल्यास परत फिरू नये. शिकविणे हे संस्थेचे काम आहे. अशिक्षित पालकांनी त्यात लक्ष घालून मुलांचे नुकसान करू नये. हुकमावरून.’

पाटी वाचून मी स्वतःवरच खूश झाले होते.

जुबेदा आली सहासष्टच्या जूनमध्ये. वडील दादामियाँ गंज पेठेतले पिंजारी, तीन पिढ्या त्याच गल्लीत गाद्या भरणारे. ही सातवीची फायनल पास, बालसेविकेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेली, चोवीस वर्षांची, काटकुळी, उंच. केसांत कुठेतरी कापसाची एखादी तार अडकलेली असायचीच. मुलाखतीत आमचे चिटणीस दिगंबरपंत यांनी तिला विचारलं, “मूल रडलं तर काय कराल?” ठरलेलं उत्तर होतं, गाणं म्हणीन. ही म्हणाली, “आधी विचारीन, का रडतोस.” दिगंबरपंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघू, पगार कमी आहे, दुसरं कोण येणार आहे?

गंज पेठेचा वर्ग म्हणजे दोन खणांची खोली, पुढे लांबलचक दगडी ओटा. पटावर तीस मुलं. पहिल्या तीन महिन्यांत मी चारदा गेले, नऊच्या वर हजेरी कधी दिसली नाही. आणि ती नऊही अशी बसलेली की जणू कोणाच्या मयताला आली आहेत.

“मुलं का येत नाहीत?” मी विचारलं.

“बाई, पाटी काढू का?” जुबेदा म्हणाली.

“मी काय विचारते आहे आणि तुम्ही काय सांगता आहात?”

“तेच सांगते आहे. मी घरोघरी जाऊन आले. त्यांना वाटतं, इथे आपलं काही काम नाही. मग सकाळी उठून, पोराचं तोंड धुऊन, कामाचा खोळंबा करून आणायचं कशाला?”

“पाटी संस्थेची आहे,” मी म्हटलं. “तिला हात लावायचा नाही.”

“बरं बाई,” ती म्हणाली. मला वाटलं, विषय संपला. जुबेदाचं ‘बरं’ म्हणजे काय असतं, ते मला तोवर माहीत नव्हतं.

पुढचं मला नंतर मथुराबाईंकडून कळलं. मथुराबाई म्हणजे त्याच गल्लीतल्या बुरडीण. सुपं, टोपल्या विणायच्या, आणि तोंडाचा पट्टा हातापेक्षा जोरात चालायचा. त्यांचा नातू वर्गात होता.

जुबेदाने पाटी दोनदा नीट वाचली आणि दुसऱ्या दिवशी वर्ग बाहेर ओट्यावर भरवला. पाटीवर ‘आत येऊ नये’ होतं. ओट्याचं नाव पाटीवर नव्हतं. शब्दाला धरून चालायचं ही आमच्या पेठेची खोड, ती तिने आमच्यावरच उलटवली! कळल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आज हसू येतं.

पहिल्या दिवशी तिने स्वतःच्या वडिलांनाच आणून बसवलं. दादामियाँनी मूठभर कापूस मुलांच्या हातात दिला. मग तोच पिंजून परत दिला. ढीगभर झाला! “दादामियाँ, हा जास्त कुठून आला?” पोरं ओरडायला लागली. “जास्त नाही रे, तेवढाच आहे,” म्हातारा म्हणाला, “मोकळा झाला फक्त. पुन्हा दाबून बघ.” पोरांनी दाबला. पुन्हा मूठभर. मग पिंजा, मग दाबा, हा खेळ तासभर चालला. रस्त्यावरून जाणाऱ्या आया थांबून बघत होत्या. ओट्यावर उभं राहायला कुणाची मनाई नव्हती.

मग जुबेदाने पाळ्या लावल्या. रोज सकाळी एक घर. कामाला जाण्याआधी अर्धा तास आपल्या लेकराला आणि बाकीच्यांना घेऊन बसायचं आणि जे येतं ते करून दाखवायचं. पहिल्यांदा सगळ्यांचं एकच पालुपद: आम्हाला काय येतं? मथुराबाई म्हणाल्या, “मला मेलीला काय येतं? एक पट्टी वर, एक खाली, एवढंच.” जुबेदा म्हणाली, “तेवढंच शिकवा.” आठवड्याभरात पोरं कागदाच्या पट्ट्यांचं एक वर, एक खाली विणायला लागली, आणि पट्टी चुकली की कुठे चुकली ते बोट ठेवून दाखवायला लागली. अमीन तांबोळी विड्याची पानं लावायला बसायचा, लहानमोठी, कोवळीजून, डागाची वेगळी. त्याच्याजवळ बसून पोरं निवडायला शिकली. दिवाळीपर्यंत हजेरी सव्वीसवर गेली.

एक माणूस तेवढा येईना. गेनबा.

गेनबा पुरंदरकडचा. भवानी पेठेत एका धान्याच्या आडतीवर पोती तोलण्याच्या कामाला होता. धिप्पाड, पण वर्गाजवळून जाताना मान खाली. त्याची मुलगी हौसा, चार वर्षांची, पटावर होती. ही पोर वर्गात एक शब्द बोलायची नाही. एक म्हणजे एक नाही. जुबेदालाही वाटायला लागलं होतं की पोर मुकी आहे.

एका दुपारी ती सरळ आडतीवर गेली. गेनबा काट्यावर पोती चढवून मोठ्या आवाजात मोजत होता: “ला-भ... दो-न... ती-न...” आणि कोपऱ्यात रिकाम्या पोत्यावर हौसा बसलेली. बापाचं एक पोतं झालं की एक चिंचोका उचलून बाजूला ठेवायची आणि तोंडाने म्हणायची, “लाभ... दोन... तीन...” चाळीसपर्यंत गेली. एकदाही चुकली नाही.

“गेनबादादा, ही बोलते!” जुबेदा म्हणाली.

“बोलती की! घरात तर लई बडबड हाय तिची.”

“मग वर्गात का नाही बोलत?”

“तितं कोन हाय तिच्या वळखीचं?”

“म्हणून तर म्हणते, तुम्ही या. हे जे मोजता, हेच मोजा ओट्यावर.”

गेनबाने दोन्ही हात जोडले. “नगं ताई. मी अंगठेबहाद्दर मानूस. आमचा वारा लागला तर पोरगी आमच्यावानीच व्हायची. म्हून तर तुमच्या हवाली केली. शाळंचं काम शाळंनं करावं.”

बघा! मी पाटीवर लिहिलं होतं, त्याने वाचलंही नव्हतं, पण माझं वाक्य त्याच्या तोंडात होतं. अमीनने त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं, की आत यायचं नाही असं लिहिलंय. बाकीचं तो आधीपासूनच मानत होता.

जुबेदाने त्याचा पिच्छा सोडला नाही. रोज आडतीवर. शेवटी मालकच वैतागून म्हणाला, “जा रे बाबा एकदा, ही बाई माझी गिऱ्हाइकं घालवील.” गेनबा आला. ओट्यावर चार मुठी ज्वारी, एक छोटं माप, आणि त्याचा तो आवाज. हौसा त्याच्या मांडीला टेकून बसली आणि “लाभ” म्हणाली, सगळ्यांच्या आधी. जुबेदा आत जाऊन रडून आली, असं मथुराबाई सांगतात. जुबेदा म्हणते, मी पाणी प्यायला गेले होते.

आणि मग डिसेंबरात मी गेले.

मी गेले तेव्हा वर्ग ओट्यावर उन्हात. एक पोरगं बांबूच्या काड्या घेऊन, दोन ज्वारीत हात घालून, एक कुणाची तरी आजी मधोमध मांडी ठोकून. माझं डोकंच फिरलं. “हा वर्ग आहे की मंडई?” मी म्हटलं. मुलांना आत नेऊन रांगेत बसवलं आणि खडे पुढे ठेवले. “मोजा.”

पहिलं पोर म्हणालं, “लाभ, दोन, तीन.”

मी म्हटलं, “चूक. पुन्हा.”

“लाभ, दोन, तीन.”

दुसरं, तिसरं, चौथं, सगळी तशीच. मी जन्मभर धान्य वाण्याकडून पुडीत बांधून आणलेलं. आडतीवर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा गुन्हा नव्हे. पण जुबेदा पुढे होऊन म्हणाली, “बाई, हे कुठून आलं ते त्यांना विचारा ना जरा,” तेव्हा मी काय म्हणाले माहीत आहे? “विचारायला नाही, तपासायला आले आहे.” आणि रजिस्टरात लिहिलं: ‘मुलांना एक हा अंक येत नाही. वर्ग उघड्यावर. अशिक्षित पालकांचा हस्तक्षेप. हानी स्पष्ट दिसते.’

कार्यकारिणीला निमित्तच हवं होतं. गंज पेठ लांब, खर्च होतो, कोण जातंय तिकडे. ठरलं असं: फेब्रुवारीत चिटणीस स्वतः तपासणी करतील. मुलं तयार नसतील तर मार्चपासून वर्ग बंद, मुलांनी नारायण पेठेतल्या वर्गात यावं. चार वर्षांचं पोर गंज पेठेतून नारायण पेठेत कोण आणून सोडणार? तिसातलं एकही येणार नाही, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं. मी मान डोलावली.

जुबेदाला मी हे सांगितलं तेव्हा तिने आकांडतांडव केलं नाही. “बाई, तारीख कोणती?” एवढंच विचारलं.

पण गल्लीत बातमी पसरली आणि झालं उलटंच. बाईंनी लिहिलंय, आपल्यामुळे पोरांचं नुकसान झालं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर कोणी नाही. मथुराबाईसुद्धा सुपं घेऊन मागच्या गल्लीने जायला लागल्या. गेनबाने तर हौसाचं येणंच बंद केलं. जुबेदा गेली तर म्हणाला, “मी म्हनलं व्हतं ताई. माझाच वारा लागला. एक सुदिक येईना झाला पोरांस्नी. माझ्यापायी तीस लेकरांची शाळा चालली.” हा एवढा मोठा माणूस, पोत्याआड तोंड करून रडत होता म्हणे.

हे ऐकलं की आजही मला स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटतात.

दोन महिने उरले होते. जुबेदा रोज सकाळी साडेपाचला घरातून निघायची. नळावर, चहाच्या टपरीवर, बोळात, जिथे जो भेटेल तिथे गाठायची. समजूत घालायचा तिचा स्वभाव नव्हता, ती भांडायची. अमीनला म्हणाली, “तुझा पोरगा डागाचं पान ओळखतो, ते कोणी शिकवलं? मी? मला तर आजही ओळखू येत नाही.” मथुराबाईंना म्हणाली, “मागच्या गल्लीने काय जाता? चोरी केलीत का?” मथुराबाई तिथल्या तिथे परत फिरल्या आणि ओट्यावर येऊन बसल्या. हळूहळू बाकीचे आले. दादामियाँ तर रोजच येऊन बसायचे, पाळी असो नसो. गेनबा तेवढा हलेना.

तपासणीच्या आदल्या दिवशी ती पुन्हा आडतीवर गेली. मथुराबाई सोबत होत्या, म्हणून शब्दन् शब्द मला माहीत आहे.

“गेनबादादा, हौसाला एक येत नाही असं बाईंनी लिहिलंय. खरं आहे का?”

“येतं की. लाभ म्हंजे एकच.”

“हे कोणाला माहीत आहे?”

“मला. तुमाला.”

“उद्या मी सांगितलं तर म्हणतील, शिक्षिका आपली चूक झाकते आहे. तुम्ही आलात तर तुमच्या तोंडून ऐकतील. नाही आलात तर बाईंनी लिहिलं ते खरं ठरेल, जन्मभर. तुमच्या पोरीच्या नावावर.” आणि उत्तराला न थांबता निघाली.

तपासणीच्या दिवशी मी आणि दिगंबरपंत आठ वाजता पोचलो. दिगंबरपंत मिलिटरी अकाउंट्समधून निवृत्त झालेले, काळी टोपी, हसणं वर्ज्य. मुलं आत ओळीत बसली होती. तीसच्या तीस. हौसालाही गेनबाने पाठवलं होतं, तो स्वतः मात्र दिसत नव्हता. पालक ओट्यावर उभे, पाटीखाली, एकानेही उंबरठा ओलांडलेला नव्हता.

विणलेल्या पट्ट्या झाल्या, पानं झाली. दिगंबरपंत चेहऱ्याने काही कळू देत नव्हते. मग त्यांनी माझं रजिस्टर उघडलं, तो शेरा वाचला, आणि नेमकं हौसाकडे बोट केलं. तिच्यापुढे चिंचोके ओतले. “मोज.”

हौसाने एक चिंचोका बाजूला केला. “लाभ.”

दिगंबरपंतांनी कपाळाला आठी घातली. पोर थांबली. त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले. सहा महिन्यांपूर्वीसारखे. जुबेदा भिंतीशी उभी होती. तिची नजर दाराकडे होती.

तेवढ्यात दारात अंधारलं. गेनबा उंबरठ्यावर उभा होता. त्याने वर पाटीकडे पाहिलं, पायातल्या वहाणा काढल्या आणि आत आला.

मी म्हटलं, “अहो, आत यायचं नाही, लिहिलंय ना!”

“व्हय बाई,” तो म्हणाला, आणि येऊन लेकीशेजारी मांडी घालून बसला. मग दिगंबरपंतांना हात जोडले. “सायेब, पयल्या मापाला आमी एक म्हनत न्हाई. लाभ म्हनतो. पयलं माप बरकतीचं. माझ्या बापानं मला तसं शिकवलं, मी पोरांस्नी शिकवलं. चूक असंल तर माझी हाय. पोरांची न्हाई, ताईंची बी न्हाई. शाळा बंद करू नगा. मी परत यायचा न्हाई.”

हौसाने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला, दिगंबरपंतांकडे बघितलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “लाभ म्हणजे एक. तुम्हाला येत नाही?”

दिगंबरपंतांच्या कपाळावरची आठी गेली. “आता आलं,” ते म्हणाले. “पुढे मोज.”

पोरीने मोजलं. पाच चिंचोक्यांची एक ढिगली, आठ ढिगल्या, चाळीस. मग आपणहून एक ढिगली उचलून दिगंबरपंतांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, “आता पस्तीस.” चार वर्षांची पोर! ओट्यावर मथुराबाईंनी तिची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली.

दिगंबरपंत माझ्याकडे वळले. “दामलेबाई, लाभ म्हणजे काय, हे आपण डिसेंबरात विचारलं होतंत?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग त्या दिवशी तपासणी कोणाची झाली?”

मी पुढे होऊन माझं रजिस्टर मिटलं.

वर्ग राहिला. जुबेदा तिथे एकतीस वर्षं होती. पाळ्यांची पद्धत इतर दहा वर्गांत नेली, तीही तिनेच. मी दोन वर्षं नाक मुरडलं आणि मग तिच्या मागे मागे हिंडले. लग्नाचं विचारलं की म्हणायची, “मला तीस आहेत, आणखी कुठे ठेवू?” दादामियाँ गेले त्या आठवड्यातही ती तिसऱ्या दिवशी ओट्यावर होती, त्यांचं पिंजायचं धनुष्य मांडीवर घेऊन. अठ्ठ्याऐंशीत हौसा स्वतःच्या मुलीला घेऊन पाळीला आली. शिवणकाम करायची, टेपाने मोजायला शिकवलं. पहिल्या इंचाला लाभ म्हणाली. मी तिथेच होते, मी चूक काढली नाही. ‘समाधानकारक’ हा शेरा मी निवृत्तीआधी सगळ्यांच्याच नावापुढे एकदम मारला होता, घाई होती म्हणून. घाई! जुबेदा आता कोंढव्याला भाच्याकडे असते. हे लिहिलेलं घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे, आणि ती यातल्या निम्म्या गोष्टी नाकारणार आहे.

पण त्या तपासणीच्या दिवसाचं एक राहिलं.

दिगंबरपंत निघून गेले. ओट्यावर गुळाचा खडा वाटणं चाललं होतं. मी म्हटलं, ती पाटी काढा. माझा आवाज नेहमीसारखाच करडा निघाला असणार, कारण गूळ वाटणारा हात मध्येच थांबला. गेनबाचा हात सहज पोचत होता. त्याने खिळ्यावरून पाटी उतरवली, उपरण्याने धूळ पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, देवाचा फोटो धरावा तशी.

“बाई,” तो म्हणाला, “रोज खालनं जातो. आत यायचं न्हाई येवढं अमीननं सांगितलेलं. पर लिवलंय तर लई. सारं काय हाय, वाचून दावता का?”

मी जुबेदाकडे पाहिलं. वाटलं, ती मध्ये पडेल, काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. पण ती मला म्हणाली, “वाचा बाई.”

मी वाचलं. ओट्यावर, सगळ्यांसमोर, माझ्याच अक्षरातलं. मूल रडल्यास परत फिरू नये. शिकविणे हे संस्थेचे काम आहे. अशिक्षित पालकांनी त्यात लक्ष घालून मुलांचे नुकसान करू नये. एकही ओळ गाळली नाही, कारण जुबेदाला पाटी पाठ होती.

वाचून झालं. गेनबाने अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाला, “अक्षर लई ग्वाड हाय बाई. आमच्या हौसाला शिकवा असं.”